कोयत्याचा मालक कोण?

मांजरसुंब्याच्या चौकात चार वाटा फुटतात. एक घाट उतरून पालीमार्गे बीडला जाते, एक चौसाळ्यावरून सोलापूरकडे, एक पाटोद्यावरून नगरकडे आणि एक नेकनूर, केज करत अंबाजोगाईला. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत हॉटेलाबाहेरच्या बाकड्यावर तासभर बसलात तरी भरून चाललेले ट्रक आणि ट्रॅक्टर मोजून होत नाहीत. हौद्यात बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, भगुली, बांबू, एखादी शेळी, आणि या सगळ्यावर बसलेले ऊसतोड मजूर. कुणी सांगलीला, कुणी कोल्हापूरला, कुणी थेट कर्नाटकात. कपिलधारला मन्मथस्वामींची कार्तिक पौर्णिमेची यात्रा भरते, तोवर आसपासच्या वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं आणि कुलपं एवढंच उरलेलं असतं.

कामगारांनी संघटना करावी की नाही, हा वाद निघाला की डोळ्यांपुढे कारखान्याचं फाटक येतं. आत मॅनेजर, बाहेर झेंडा, मध्ये घोषणा. एक बाजू म्हणते, एकट्याचं कोण ऐकतो? दुसरी म्हणते, पुढारी वर्गणी खातात आणि कारखाना बंद पाडतात. या वादात एक गोष्ट धरूनच चाललेली असते, ती म्हणजे मालक कोण हे सगळ्यांना ठाऊक आहे. ऊसतोडीत घोडं तिथंच अडतं. म्हणून संघटना हवी की नको याआधी ती चालते कशी, आणि इथं कुठं अडकते, हे नीट उलगडून बघायला हवं.

कोयत्यापासून सुरुवात करू. कोयता म्हणजे हत्यार, हे झालं शहरात. बीड जिल्ह्यात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. मुकादमाला ‘यंदा किती घेऊन चाललात?’ असं विचारलं की तो ‘वीस कोयते’ म्हणतो. म्हणजे चाळीस माणसं. या वीस कोयत्यांची झाली टोळी.

पैसा कसा फिरतो तेही बघा. कारखाना करार करतो वाहतूकदाराशी, म्हणजे ट्रक किंवा ट्रॅक्टर असलेल्या माणसाशी, आणि त्याला आगाऊ रक्कम देतो. वाहतूकदार आपल्या गावचा किंवा ओळखीचा मुकादम गाठून त्याला पैसे देतो, बहुधा स्टॅम्प पेपरवर लिहून घेऊन. मुकादम पावसाळ्यात वाडी-वस्तीवर फिरून जोड्यांना उचल, म्हणजे आगाऊ मजुरी देतो. कुणाच्या घरी लग्न असतं, कुणाच्या घरी दवाखाना, कुणाची विहीर अर्धी राहिलेली. जोडी उचल घेते आणि हंगामाला बांधली जाते. या साखळीत कारखाना आणि कोयता यांच्या मध्ये दोन माणसं आहेत, आणि ज्या कागदावर कारखान्याचा शिक्का आहे त्यावर ऊस तोडणाऱ्याचं नाव नाही. फडात गेल्यावर मात्र कोणाचा ऊस आधी तोडायचा हे कारखान्याचं शेतकी खातं ठरवतं, स्लिप कारखान्याचा चिटबॉय देतो, वजन कारखान्याच्या काट्यावर होतं, दरही कारखान्यांचाच. मग हा कामगार कुणाचा? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम म्हणतो, ‘मी तर कमिशनवरचा माणूस.’

आता कायद्याकडे वळू. 1926 च्या कामगार संघटना कायद्यानं सात जणांनाही अर्ज करून संघटना नोंदवता येत असे. 2001 च्या दुरुस्तीनं अट घातली: आस्थापनेतले किमान 10 टक्के किंवा 100 कामगार, यांतला लहान आकडा, पण सातांच्या खाली नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही अट कायम आहे. नोंदणी म्हणजे जन्माचा दाखला. वाटाघाटीला कोण बसणार हा पुढचा प्रश्न. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात मान्यतेसाठी 30 टक्के सभासद लागत. नव्या संहितेत एकाहून जास्त संघटना असतील तर 51 टक्के कामगार जिच्या मागे, तिलाच एकटीनं बोलण्याचा हक्क. संपाआधी किमान 14 दिवसांची नोटीसही द्यावी लागते.

हे टक्के कशाचे काढायचे? हजेरीपटाचे. कारखान्याच्या आत बॉयलरवर, पॅनवर, काट्यावर काम करणाऱ्यांचा हजेरीपट असतो. म्हणून त्यांच्या संघटना आहेत आणि त्यांचे पगार कारखानदार, कामगार आणि सरकार यांच्या त्रिपक्षीय समितीत ठरतात. फाटकाच्या बाहेर, पाच-दहा किलोमीटरवरच्या फडात, त्याच कारखान्याची गव्हाण, म्हणजे ऊस टाकायची जागा, भरती ठेवणाऱ्या जोडीचं नाव फक्त मुकादमाच्या वहीत असतं, आणि तेही नवऱ्याचं. ऊसतोड मजूर नेमके किती, यावर संघटनांचा आकडा आणि सरकारी दप्तरातला आकडा यांत काही लाखांचं अंतर पडतं ते याच कारणानं.

ही वही मी एकदा जवळून पाहिली आहे. लाल पुठ्ठ्याची, कडा मळून काळ्या झालेल्या. एका पानावर एक कोयता. वर नाव आणि ‘उचल’. खाली खर्ची, म्हणजे किराण्यासाठी आठवड्याला मिळणारे पैसे. मग ‘दवाखाना’, ‘खाडा’, पुन्हा ‘खर्ची’. खाडा म्हणजे कामावर न गेलेल्या दिवसाचा दंड. उजव्या बाजूला टनांचे आकडे, ते मात्र पेन्सिलीनं. उचल शाईनं आणि टन पेन्सिलीनं का, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण मुकादम चहा पाजत होता.

अशा पानाचं गणित स्वतःच मांडून बघू. समजा जोडीनं एक लाख उचल घेतली. खर्ची आठवड्याला दीड हजार धरली, तर वीस आठवड्यांची तीस हजार. म्हणजे देणं झालं 1 लाख 30 हजार. चांगली तरणी जोडी दिवसाला दोन टन ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. टनाला 366 रुपये दर धरला आणि या वीस आठवड्यांत 120 दिवस काम झालं, एक दिवसही आजारपण आलं नाही असं मानलं, तर 240 टनांचे झाले 87,840. वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, विकून चार पैसे येतात, शेतकऱ्याकडून कधी खुशाली मिळते, ते सोडून देऊ. अंगावर राहिले 42,160. मुकादमाच्या भाषेत उचल ‘फिटली नाही’; बाकी पुढच्या वर्षी. त्यामुळे पुढच्या दसऱ्याला कुठल्या मुकादमाबरोबर जायचं हा प्रश्नच उरत नाही.

यातला 366 चा आकडा आला कुठून? इथं संघटना दिसते. 4 जानेवारी 2024 ला पुण्यात कारखान्यांचा साखर संघ आणि ऊसतोड मजुरांच्या संघटना यांच्यात करार झाला आणि 273 रुपये 10 पैसे दरावर 34 टक्के वाढ मिळाली. मुकादमाचं कमिशनही एक टक्क्यानं वाढून 20 टक्के झालं. वरच्याच जोडीला जुन्या दरानं 240 टनांचे 65,544 मिळाले असते. फरक 22,296 रुपयांचा. ‘संघटनेनं काय दिलं?’ असं विचारणाऱ्यापुढे ठेवायला हा आकडा आहे, आणि तो लहान नाही. तरी पान बाकीतच राहतं, हेही त्याच आकड्यांत दिसतं.

वाटाघाटीची ही रीत जुनी आहे आणि खास इथली आहे. पाथर्डीच्या बबनराव ढाकणे यांनी ऊसतोड मजुरांचे लढे उभे केले. पुढं गोपीनाथ मुंडे हे या मजुरांचे सर्वांत मोठे नेते झाले. मजुरांच्या बाजूनं ते आणि कारखान्यांच्या बाजूनं शरद पवार, असा लवाद बसू लागला. 2014 मध्ये मुंडे गेल्यावर त्यांची जागा पंकजा मुंडे यांनी घेतली. ऑक्टोबर 2020 मध्ये याच पद्धतीनं 14 टक्के वाढ ठरली, तीन वर्षांसाठी. सिटूशी जोडलेली ऊसतोडणी व वाहतूक कामगार संघटना आणि इतर संघटनाही बोलणीत असतात, मागण्यांची यादी करतात, आंदोलन करतात. पण अखेरचा शब्द लवादाचा. मतदान करून निवडलेला प्रतिनिधी आणि लवादातला मोठा नेता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या नेत्याचा फायदा असा की त्याचा फोन कारखान्याचा अध्यक्ष उचलतो. तोटा असा की त्याच नेत्याचा, त्याच्या नातलगांचा किंवा त्याच्या पक्षाचा स्वतःचा कारखाना असू शकतो, आणि बीड जिल्ह्यात ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. मजुरांना हे कळत नाही असं समजू नये. त्यांना कळतं, आणि दर तीन वर्षांनी ते हिशेब करून त्याच माणसामागे उभे राहतात, कारण दुसऱ्याचा फोन उचलला जात नाही.

संघटनेचं खरं बळ म्हणजे सगळ्यांनी मिळून हात थांबवण्याची ताकद. ऊसतोडीत ती ताकद कधी असते, हे समजलं तर बाकीचं आपोआप समजतं. तोडलेला ऊस लवकरात लवकर गव्हाणीत पडावा लागतो, उशीर झाला की वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात. कारखान्याचा बॉयलर एकदा पेटला की तो मधेच थंड करणं परवडत नाही. उभ्या उसाला तुरा आला की शेतकरी घायकुतीला येतो. म्हणजे हंगामाच्या तोंडावर कारखान्याची गरज सर्वांत मोठी आणि मजूर अजून गावातच. तेव्हाच ‘कोयता बंद’ची हाक दिली जाते. टोळ्या एकाच जागी असतात, वाड्यांवर सभा घेता येते, रस्त्यावर उभं राहून गाड्या थांबवता येतात. एकदा मांजरसुंब्याचा चौक ओलांडला की टोळी कोल्हापूरच्या कुठल्या तरी शिवारात कोप्या, म्हणजे झोपड्या, टाकून राहते. शेजारची टोळी दोन कोसांवर, तिचा मुकादम वेगळा, कारखाना वेगळा. तिथून संप चालवायचा म्हणजे मुठीत वाळू धरायची.

उचलीचा काच इथंच कळतो. गिरणी कामगाराकडे संपात गावची शेती असे, उधारीवर वाणी असे. तरीही 18 जानेवारी 1982 ला मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला गिरणी संप लांबत गेला तशी घरं मोडली. ऊसतोड मजुरानं तर संपाच्या आधीच मजुरी घेऊन खर्च केलेली असते. संपाचा प्रत्येक दिवस मालकाच्या नुकसानाबरोबर स्वतःच्या बाकीत भर घालतो. 2023–24 च्या हंगामात नोव्हेंबरात गाळप सुरू झालं आणि करार जानेवारीत. मधल्या दोन महिन्यांत ऊस तोडला जातच होता. दर ठरण्याआधीच काम सुरू, असा सौदा बाजारात दुसरीकडे कुठं होत असेल तर मला माहीत करून घ्यायला आवडेल.

संघटना नको म्हणणाऱ्यांचं म्हणणं आता ऐकू. ते सगळं मालकाचं शिकवलेलं नसतं. एका चहाच्या बाकड्यावर एक पंचविशीतला गडी एका पोक्त मुकादमाशी बोलत होता. मुकादम म्हणाला, ‘बाबा, मागल्या साली ज्यांनी कोयता खाली ठेवला, त्यांना औंदा उचल कोण देतंय ते बघ.’ पोरगा म्हणाला, ‘मामा, तुम्हीच तर सभेला पुढच्या खुर्चीवर होता की.’ मुकादम हसला आणि चहाचे पैसे देऊन उठला. ‘उचल मिळणार नाही’ ही भीती आणि ‘मुकादमही संघटनेत’ हा पेच, दोन्ही या चार वाक्यांत आले. मुकादम संघटनेत असला की टोळी एका शब्दावर थांबते, हे खरं. पण दर वाढला की मुकादमाचं कमिशनही वाढतं. 366 च्या 20 टक्के म्हणजे टनाला 73 रुपये 20 पैसे. वीस कोयत्यांनी दिवसाला चाळीस टन तोडले तर 2,928 रुपये. दराच्या भांडणात तो मजुराच्या बाजूचा. खाडा, खर्ची आणि बाकीच्या भांडणात तो समोरच्या बाजूचा. एकाच पाटावर दोघांची बसकण झाली की खाड्याचा विषय सभेत निघतच नाही. मुकादमाला नुसता खलनायक करणंही मला पटत नाही, कारण उचल घेऊन जोडी पळाली तर वाहतूकदार त्याच्याच दारात येतो, आणि मुकादमानं बुडवलं तर वाहतूकदार पोलिसांत जातो. साखळीत प्रत्येक जण खालच्याला धरून ठेवतो.

दुसरा आक्षेप यंत्राचा. मजूर फार ताणायला लागले तर कारखाने हार्वेस्टर आणतील. ते आणतच आहेत. संघटनेचं त्यावरचं उत्तर सरळ आहे: यंत्राला टनामागे जो दर देता, तो आम्हाला का नाही?

तिसरा आक्षेप पुरुष मांडत नाहीत, बायका मांडतात. संघटनेच्या मागण्यांत टनाचा दर पहिला असतो, आणि टनाच्या दरात बाईचं काही वेगळं नसतं. पहाटे चारला भाकरी थापून फडात जायचं, मोळ्या डोक्यावरून वाहायच्या, आडोसा नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. 2019 मध्ये बीडच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर झाली. सरकारनं नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं आलेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. हा प्रश्न दराच्या वाटाघाटीत कुठं बसवणार? कोयता हेच जर मोजमाप असेल तर त्यात बाई अर्धी असते, आणि हिशेबाला बसताना तीही नसते. बीडमध्ये महिला ऊसतोड कामगारांची वेगळी संघटना उभी राहिली ती यामुळेच.

यातून वाट नाही असं नाही, आणि ती महाराष्ट्रानंच एकदा काढून दाखवली आहे. मुंबईच्या गोदीत आणि बाजारात ओझी वाहणाऱ्या माथाडींचीही हीच गत होती. आज एका व्यापाऱ्याकडे, उद्या दुसऱ्याकडे; टोळीनं काम; मालक कुणीच नाही. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत चालवली, आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. त्याची युक्ती साधी आहे. एक मालक शोधत बसायचं नाही. कामगार, व्यापारी आणि सरकार यांचं मंडळ करायचं. टोळी मंडळात नोंदवायची, व्यापारीही नोंदवायचा. व्यापाऱ्यानं मजुरी आणि तिच्यावर ठरावीक लेव्ही मंडळात भरायची. मंडळ मजुराला मजुरी देतं आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस भागवतं. टोळी राहते, मुकादमही राहतो, पण पैशाची वही मंडळाच्या कपाटात जाते. माथाडी मंडळांतही भानगडी झाल्या, दादागिरीच्या तक्रारी झाल्या, तो वेगळा लेख होईल. तरीही ‘अनेक मालकांचा एक कामगार’ कायद्यात बसवता येतो हे सिद्ध झालं.

ऊसतोडीत याचीच छोटी आवृत्ती आली ती गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या रूपानं. कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनाला 10 रुपये द्यायचे आणि सरकारनं तेवढेच घालायचे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली, 41 तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी 82 वसतिगृहं मंजूर झाली. ग्रामसेवकानं नोंद करून मजुराला ओळखपत्र द्यायचं ठरलं. माथाडी मंडळात आणि यात एक मोठा फरक आहे: मजुरी आणि उचल अजून महामंडळातून जात नाही, ती मुकादमाच्याच वहीतून जाते. पण ओळखपत्राचं महत्त्व कमी लेखू नये. 30 टक्के, 51 टक्के हे सगळं ज्या यादीवर उभं राहतं, ती यादी पहिल्यांदाच ग्रामपंचायतीत तयार होऊ लागली. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात बीडहून बेळगावला जाणारी टोळी बसे आणि सांगलीला जाणारी बसत नसे. राज्याची हद्द ओलांडली की कामगार, नाही ओलांडली की नुसता पाहुणा. गावच्या यादीला अशी हद्द नसते.

त्या चहाच्या बाकड्यावरच्या पोराकडे संघटनेचं पावतीपुस्तक होतं. मुकादम गेल्यावर त्यानं एका जोडप्याची पावती फाडली, वर नवऱ्याचं नाव लिहिलं, आणि वर्गणीचे पैसे घेऊन पुस्तक मिटायला लागला. बाई ट्रकजवळ उभी होती, तिथूनच म्हणाली, ‘दादा, माझी?’ पोरगा म्हणाला, ‘आक्का, कोयता एकच ना तुमचा.’ ती पुढं आली, पदराची गाठ सोडली आणि वेगळे पैसे बाकड्यावर ठेवले. ‘कोयता त्यांचा न् माझा एक असंल. मोळ्या वेगळ्या हायेत.’ पोरानं पुस्तक पुन्हा उघडलं आणि कार्बन सरळ करून घेतला. मागं ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.